सोसायटीच्या रंगकामाचा ठेकेदार नेमण्याआधी सुरक्षेची चौकशी कशी करावी

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमची इमारत ७ मजली, ३ विंगची आणि २२ वर्षं जुनी आहे. बाहेरच्या प्लास्टरच्या भेगा भरायच्या आहेत, रंग द्यायचा आहे, गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायचं आहे आणि कोटेशनच्या शेवटच्या ओळीत 'टाक्यांची सफाई' आहे. तीन ठेकेदारांचे दर आलेत. सगळ्यात स्वस्त असलेल्याने फाइल भरून कागद दिलेत आणि 'कामावर काही झालं तर संपूर्ण जबाबदारी आमची' असं स्टॅम्प पेपरवर लिहून द्यायलाही तो तयार आहे. एवढं पुरेसं आहे का, की अजून काही कागद घ्यावेत, म्हणजे उद्या कमिटीवर काही येणार नाही, असं तुम्ही विचारलंय.

कारखान्यांत सेफ्टी ऑफिसर म्हणून माझी नोकरी झाली. बाहेरचा ठेकेदार गेटच्या आत घेण्याआधी त्याची तपासणी करणं हे त्यातलं मोठं काम असायचं. आता अनेक सोसायट्या मला याच कामासाठी बोलावतात. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

कमिटीची काळजी रास्त आहे, पण प्रश्न उलट्या टोकाकडून धरलाय असं मला वाटतं. आपल्यावर काय येईल, यापेक्षा सातव्या मजल्याबाहेर साधारण २० मीटरवर लोंबकळणारा माणूस संध्याकाळी धडधाकट खाली कसा उतरेल, तिथून सुरुवात करा. त्याचं उत्तर नीट मिळालं की कमिटीच्या जबाबदारीचा बराचसा भाग आपोआप सुटतो. उलट दिशेने गेलात तर दोन्ही हुकतात.

आधी तो स्टॅम्प पेपर. तो करार तुमच्यात आणि ठेकेदारात आहे. गेलेल्या कामगाराच्या बायकोने त्यावर सही केलेली नाही, पोलिसांनी केलेली नाही, न्यायालयानेही नाही. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली गुन्हा नोंदवला जातो, शिक्षा ५ वर्षांपर्यंत आहे, आणि कोणाचा निष्काळजीपणा होता हे तपासात ठरतं. भरपाईच्या कायद्यात मूळ काम देणाऱ्याकडून रक्कम वसूल करण्याची तरतूद १९२३ पासून आहे आणि त्याने ती नंतर ठेकेदाराकडून घ्यायची असते. ही तरतूद धंद्यासाठी काम देणाऱ्याला आहे, त्यामुळे कारखान्याला ती सरळ लागते. राहत्या सोसायटीला ती किती लागते हा वादाचा मुद्दा होऊ शकतो, ते तुमच्या वकिलांना विचारा. पण समजा स्टॅम्प पेपरच्या आधारे पैसे मागायची वेळ आलीच, तर ते ज्याच्याकडून मागायचे त्याच्या खात्यात तेव्हा काही असेल का? भाड्याचं गोदाम आणि एक टेम्पो एवढीच मालमत्ता असलेले ठेकेदार मी पुष्कळ पाहिलेत. खरा आधार विम्याचा असतो. त्याकडे येतोच.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, तेही आधी सांगून टाकतो. बांधकाम कामगारांचा कायदा १० किंवा अधिक कामगारांच्या कामाला लागतो, कंत्राटी कामगारांच्या परवान्याची मर्यादा महाराष्ट्रात ५० आहे, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्याने जुन्या कायद्यांची नावं आणि कलमं बदलली आहेत. तुमच्या साइटवर ८ माणसं येणार की २५, यावर कुठली नोंदणी लागेल ते ठरेल. हा भाग कामगार सल्लागाराकडून तासाभरात कळतो. मात्र आकडा मर्यादेखाली आहे म्हणून तपासणी सैल करू नका. आठच माणसं असली तरी उंची तेवढीच आहे.

आता कागद. फाइलमध्ये आयएसओचं प्रमाणपत्र, कंपनीचं 'सेफ्टी धोरण', जीएसटी, पॅन, जुन्या कामांचे फोटो असतील. जीएसटी आणि पॅन हिशोबासाठी लागतात, सुरक्षेशी त्यांचा संबंध नाही. सेफ्टी धोरणावर मी एका मिनिटापेक्षा जास्त वेळ घालवत नाही. एकदा रंगकामाच्या फाइलमध्ये मला खोल खोदकामाचे नियम सापडले होते आणि आत दुसऱ्याच शहरातल्या साइटचं नाव होतं. ते कोणी वाचलेलं नव्हतं, ठेकेदाराने तर नाहीच नाही. पण दोन कागद मी ओळ न् ओळ वाचतो: विमा आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा).

आपल्याकडे ज्याला सगळे 'डब्ल्यूसी पॉलिसी' म्हणतात, ती कामगार भरपाईची पॉलिसी मागा. हप्त्याची पावती पुढे केली तर ती घेऊ नका, परिशिष्टासकट पूर्ण पॉलिसी हवी. त्यात पाच ठिकाणी बोट ठेवा. पॉलिसी कोटेशन देणाऱ्याच फर्मच्या नावावर आहे का. मुदत तुमचं काम संपेपर्यंत आहे का, आणि अशी कामं दोन महिन्यांची सांगून चार महिने चालतात हे धरून पाहा. कामाचं ठिकाण म्हणून काय लिहिलंय. कामगार किती आणि त्यांचं वेतन किती दाखवलंय. आणि सर्वांत महत्त्वाचं, कामाचं वर्णन काय आहे. 'इंटिरिअर पेंटिंग' लिहिलेल्या पॉलिसीवर बाहेर झुल्यावर, म्हणजे गच्चीवरून दोराने सोडलेल्या पाटावर, बसलेला माणूस पडला, तर विमा कंपनी पहिला आक्षेप तिथेच घेणार. उंचीवरचं बाहेरचं काम स्पष्ट लिहिलेलं असलं पाहिजे. उपठेकेदाराचे कामगार आणि दवाखान्याचा खर्च सहसा जादा हप्ता भरून जोडावे लागतात. ते जोडलेत का, तेही बघा. शेवटी पॉलिसी नंबर विमा कंपनीच्या शाखेत किंवा वेबसाइटवर स्वतः पडताळा.

कामगारांची संख्या आणि वेतन याला इतकं महत्त्व का, हे एका हिशोबावरून कळेल. कामगाराचा मृत्यू झाला तर कायद्याप्रमाणे महिन्याच्या वेतनाच्या निम्मी रक्कम गुणिले त्याच्या वयाचा गुणक, अशी भरपाई निघते. हिशोबाला वेतन जास्तीत जास्त १५,००० रुपये धरतात. ३० वर्षांच्या माणसाचा गुणक २०७.९८ आहे. म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, एकूण १५,५९,८५० रुपये. आता पॉलिसीत ५ कामगार आणि ८,००० रुपये वेतन दाखवलंय, आणि साइटवर १८ जण आहेत असं समजा. हप्ता वाचवायला केलेली ही लपवाछपवी भरपाईच्या वेळी बाहेर येते. विमा कंपनी हात आखडता घेते आणि एका घराचा आधार गेल्यावर ते घर वर्षानुवर्षं तारखा मोजत बसतं.

दुसरा कागद ईएसआयचा. महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगारांना ईएसआय लागू होतो आणि त्यात उपचार, अपंगत्व, वारसांचं निवृत्तिवेतन असं सगळं येतं. चलन दाखवलं म्हणून समाधान मानू नका. चलनासोबत नावांची यादी निघते, ती मागा. कामाच्या पहिल्या दिवशी गेटवर आलेल्या माणसांची नावं त्या यादीत आहेत का, ते सिक्युरिटीवाल्याला ताडून बघायला सांगा. ईएसआय असेल किंवा डब्ल्यूसी पॉलिसी असेल, पण आलेला प्रत्येक माणूस दोहोंपैकी एकात असलाच पाहिजे.

बहुतेक सोसायट्यांत घोळ होतो तो इथेच. कोटेशन देतो तो एक, आणि काम करतो तो त्याचा पेटी कॉन्ट्रॅक्टर, म्हणजे उपठेकेदार. हा पेटीवाला नाक्यावरून माणसं उचलतो. त्यांचं नाव ना ईएसआयच्या यादीत असतं, ना पॉलिसीत. ते उंचीवर पहिल्यांदाच चढतायत का, हेही कोणाला ठाऊक नसतं. म्हणून ठेकेदाराला सरळ विचारा: झुल्यावर कोण बसणार? तुमची कायमची माणसं की पेटीची? पेटीची असतील तर त्या पेटीवाल्याला घेऊन या, आम्हाला त्याच्याशीही बोलायचंय. पेटी कॉन्ट्रॅक्ट वाईटच असतं असं माझं म्हणणं नाही. झुल्यावरचे कित्येक तरबेज गट पेटीवरच काम करतात. मात्र कोण येणार हे लपवलं जात असेल, तर पुढचंही बरंच काही लपवलं जाईल.

कागद इथे संपले. ठेकेदाराची खरी परीक्षा गच्चीवर होते, आणि माझा सगळ्यात जास्त भर त्यावर असतो. मालकाला आणू नका, किंवा आणलाच तर त्याच्याबरोबर जो सुपरवायझर रोज साइटवर उभा राहणार आहे त्याला आणा. त्याला गच्चीवर घेऊन जा आणि एकच विचारा: दोर कुठे बांधणार?

मग तो कुठे बघतो, हात कुठे ठेवतो, ते पाहा. ओव्हरहेड टाकीच्या पाण्याच्या पाइपकडे, सोलरच्या स्टँडकडे, डिशच्या पाइपकडे किंवा कठड्याच्या रेलिंगकडे बोट गेलं तर मी बोलणं तिथेच आवरतं घेतो. २२ वर्षांच्या इमारतीचा विटांचा कठडा माणसाचं वजन तोलेल असं धरूनच चालू नये. बाहेरचं प्लास्टर फुगलेलं असतं, आत पाणी मुरलेलं असतं, आणि पावसात भिजलेल्या कठड्याचा तुकडा दोरासकट खाली आल्याचे प्रकार घडतात. ज्याला काम कळतं तो आधी टाकीचे आरसीसी कॉलम शोधतो, लिफ्टरूमच्या बीमकडे जातो, हाताने ठोकून बघतो. जिथे असं काहीच नाही तिथे काय करणार हे स्वतःहून सांगतो: या विंगला झुला जमणार नाही, इथे परांची लागेल. हे उत्तर मला सगळ्यात आवडतं, कारण त्यात त्याचा खर्च वाढतोय आणि तरी तो सांगतोय.

पुढचे प्रश्न दोराचेच आहेत. माणूस ज्या दोरावर बसतो तो एक, आणि त्याचा हार्नेस ज्याला अडकतो ती लाइफलाइन दुसरी. दोन्ही वेगवेगळ्या जागी बांधलेल्या हव्यात. एकाच खांबाला दोन्ही बांधल्या आणि तोच हलला, तर दुसऱ्या दोराचा काय उपयोग? कठड्याच्या कडेवर दोर घासतो तिथे खाली काय ठेवणार, हे विचारा. रबराचा तुकडा, जुना होजपाइप, काहीतरी नेमकं उत्तर आलं पाहिजे. दोर किती जुना आहे, बघू द्या म्हणा. रंग, थिनर, सिमेंट आणि ऊन खाल्लेला दोर वरून धड दिसतो, पिळ उलगडून पाहिला की आतले तंतू भुगा झालेले असतात. हार्नेस पूर्ण अंगाचा हवा, खांदे आणि मांड्या दोन्हींना पट्टे असलेला, आणि त्यावर आयएस ३५२१ या भारतीय मानकाची खूण. नुसता कमरेचा पट्टा चालत नाही. पडल्यावर त्याचा झटका मणक्याला आणि पोटाला बसतो, किंवा माणूस पट्ट्यातून निसटतो. हेल्मेटला हनुवटीचा पट्टा हवाच, नाहीतर माणसाच्या आधी हेल्मेट खाली पोहोचतं.

आणि मग तो प्रश्न, जो जवळपास कुणी विचारत नाही. दोर तुटला, लाइफलाइनने माणूस झेलला, तो चौथ्या मजल्यासमोर हार्नेसमध्ये लटकतोय. आता त्याला आत कोण घेणार, कसा? हार्नेसमध्ये निश्चल लटकणं धोक्याचं असतं, पायांत रक्त साचतं आणि काही मिनिटांतच शुद्ध हरपू शकते. अग्निशमन दलाला १०१ वर फोन करायचाच, पण गाडी येईपर्यंत हातावर हात ठेवून बसणं परवडत नाही. गच्चीवर एक माणूस कायम हवा, ज्याला दोर खाली सोडता येतो आणि ज्याच्याकडे जादा दोर आहे. कुठल्या फ्लॅटच्या खिडकीतून आत घेता येईल हेही आधी ठरलेलं असावं. या प्रश्नावर सुपरवायझर गप्प झाला तर त्याचा राग करू नका, त्याला आजवर कुणी विचारलंच नसेल. उत्तर आणायला दोन दिवस द्या. तो काय घेऊन येतो त्यावरून मला तरी पुष्कळ कळतं.

प्लास्टर तोडायचं असेल तर मात्र झुल्याचा हट्ट धरू नका. ब्रेकर चालवताना दोन्ही हात गुंतलेले असतात आणि ढलपे खाली येत असतात, त्या कामाला परांचीच लागते. तिथे मी खालून सुरुवात करतो. परांचीचे पाय कशावर टेकणार? पेव्हर ब्लॉकवर, ड्रेनेजच्या चेंबरच्या झाकणावर किंवा सेप्टिक टाकीच्या स्लॅबवर पाइप उभे केलेले मी पाहिलेत. पायाखाली बेस प्लेट आणि फळी हवी, आणि चेंबर कुठे आहेत हे सोसायटीने दाखवलं पाहिजे, कारण ते ठेकेदाराला माहीत नसतात. परांची इमारतीला किती अंतरावर आणि कशाला बांधणार? बाल्कनीच्या ग्रिलला नको. उभं राहायला पूर्ण रुंदीचा फळ्यांचा माळा, बाहेरच्या बाजूला कमरेएवढा आडवा पाइप, चढायला आतून शिडी. एकेका बांबूवर पाय ठेवून चढणं ही सवय अजून जात नाही, ती परांचीची रचना बरोबर असेल तरच जाते. जोराचा पाऊस किंवा वारा होऊन गेला की काम सुरू करण्यापूर्वी परांची कोण तपासणार, त्याचं नाव विचारा. हिरवी जाळी धूळ आणि बारीक ढलपे अडवते, माणूस अडवत नाही. ठेकेदार तिला 'सेफ्टी नेट' म्हणून दाखवत असेल तर तिथेच फरक समजावून घ्या. शेजारून महावितरणची तार किंवा ट्रान्स्फॉर्मर जात असेल तर त्या बाजूचं काम पुरवठा बंद करून घ्यावं लागेल, आणि तो अर्ज सोसायटीनेच वेळेत करायचा असतो. ग्राइंडर-ब्रेकरला वीज सोसायटीच्या बोर्डावरून देणार असाल तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवलेला वेगळा बोर्ड द्या. उघड्या वायरी सॉकेटमध्ये खुपसायला देऊ नका.

आता कोटेशनची ती शेवटची ओळ, 'टाक्यांची सफाई'. माझा सल्ला स्पष्ट आहे: ती ओळ आज काढून टाका. रंगकामाच्या ठेकेदाराकडे या कामाची साधनं जवळजवळ कधीच नसतात, आणि तो दुपारी रंगाऱ्यालाच टाकीत उतरवतो. सेप्टिक टाकी असेल तर हाताने मैला सफाईवर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणं गुन्हा आहे, मग तो तुम्ही प्रत्यक्ष उतरवा की ठेकेदारामार्फत. पहिल्याच गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीतल्या एका खासगी सोसायटीच्या सेप्टिक टाकीत तीन कामगार गुदमरून गेले. त्यांच्या बायका मुंबई उच्च न्यायालयात गेल्या आणि २०२१ मध्ये न्यायालयाने त्यांना प्रत्येकी १० लाख रुपये द्यायला राज्य सरकारला सांगितलं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातल्या मृत्यूंची भरपाई ३० लाख केली. त्या तिघी विधवा झाल्या त्या एका सोसायटीच्या साध्या देखभालीच्या कामात, हे प्रत्येक कमिटीने मनाशी धरावं असं मला वाटतं. सेप्टिकसाठी महापालिकेची किंवा परवानाधारक खासगी सक्शनची गाडी बोलवा, माणूस आत नको.

आणि पिण्याच्या पाण्याची टाकी म्हणून निर्धास्त राहू नका. मार्च २०२५ मध्ये मुंबईत नागपाड्याला बांधकाम चालू असलेल्या इमारतीची पाण्याची टाकी साफ करताना चार कामगार गुदमरून गेले. बंद टाकीत प्राणवायू कमी होतो, आणि आतून वॉटरप्रूफिंगचं कोटिंग मारत असतील तर त्याच्या वाफा साचतात. हवेत प्राणवायू साधारण २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली कोणालाही आत सोडायचं नसतं, आणि हा फरक नाकाला कळत नाही. त्यासाठी गॅस मीटर लागतो. भूमिगत टाकी साफ करणाऱ्याला मी विचारतो: मीटर दाखवा, ब्लोअर दाखवा, माणसाला वर ओढायचा ट्रायपॉड दाखवा, आणि बाहेर उभा राहणारा माणूस कोण ते सांगा. त्या बाहेरच्या माणसाने काहीही झालं तरी आत उडी मारायची नाही, हे त्याला पढवलेलं असलं पाहिजे. टाकीत जीव गमावणाऱ्यांमध्ये आधी पडलेल्याला काढायला धावलेले पुष्कळ असतात, बहुधा त्याचा भाऊ किंवा गाववाला. ज्याच्याकडे मीटर नाही त्याला टाकीचं काम द्यायचं नाही, दर कितीही कमी असो.

एवढं झालं की ठेकेदाराच्या चालू साइटवर जा, न कळवता. कळवून गेलात तर सगळ्यांच्या डोक्यावर कोरी पिवळी हेल्मेटं दिसतील. साधारण साडेअकराला किंवा जेवणानंतर जा, तेव्हा काम रंगात आलेलं असतं. वर बघा: हार्नेस घातलाय एवढं पुरत नाही, त्याचा हूक कशाला अडकवलाय? गच्चीवर कोणी आहे का? खाली येण्याजाण्याची वाट बंद केलीय का, की पोरं तिथूनच सायकल नेतायत? मग खाली आलेल्या एखाद्या कामगाराशी दोन मिनिटं बोला. कुठले तुम्ही, या सेठकडे किती दिवस, पगार कोण देतं, वर चढायला कोणी शिकवलं. पोलिसी उलटतपासणी करू नका, चहा पाजा आणि विचारा. बिहार-झारखंडचा असो की नांदेड-बीडचा, माणूस खरं सांगतो.

जुन्या ग्राहकांना फोन केलात तर 'काम कसं झालं' विचारून फारसं काही कळत नाही, 'चांगलं झालं' एवढंच ऐकू येतं. विचारायचं ते हे: कामावर कोणाला लागलं होतं का, आणि मग ठेकेदाराने काय केलं? दवाखान्यात कोणी नेलं, पैसे कोणी भरले, दुसऱ्या दिवशी काम कसं चालू झालं? ठेकेदारालाही हाच प्रश्न करा. 'वीस वर्षांत कुणाला खरचटलंसुद्धा नाही' म्हणणाऱ्यापेक्षा, 'तीन वर्षांमागे एक जण माळ्यावरून पडला, पाय मोडला, तेव्हापासून आम्ही आडव्या पाइपाशिवाय कोणाला वर सोडत नाही' असं सांगणाऱ्यावर माझा विश्वास अधिक बसतो.

दराचं बोलतो, कारण शेवटी सर्वसाधारण सभेत हाच मुद्दा निघणार. तुमच्या तीन कोटेशनांत परांची, हार्नेस, दोर, जाळी, विमा यांचा खर्च कुठे आहे? बहुधा कुठेच नाही, सगळं चौरस फुटाच्या दरात मिसळलंय. मग सभेत कोणीतरी म्हणतं 'अजून पाच टक्के कमी करा', ठेकेदार हो म्हणतो, आणि ते पाच टक्के रंगाच्या डब्यातून निघत नाहीत. ते परांचीच्या दोन माळ्यांतून, नव्या दोरातून आणि पॉलिसीतल्या कामगारांच्या आकड्यातून निघतात. म्हणून तिघांकडूनही सुरक्षेचा खर्च वेगळ्या ओळींत लिहून घ्या आणि घासाघीस सुरू होण्याआधी जाहीर करा की या ओळींवर घासाघीस होणार नाही. मग तुलना करा. स्वस्त ठेकेदार का स्वस्त होता हे बहुतेक वेळा त्या ओळी भरायला सांगितल्यावर कळतं. कधी असंही निघतं की त्याच्याकडे स्वतःची परांची आहे, भाडं लागत नाही, म्हणून तो खरोखरच स्वस्त आहे. तसं असेल तर त्यालाच द्या, मनात किंतु ठेवू नका.

या सगळ्यात सोसायटीचाही वाटा आहे. आपल्या उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा व्हायला हवं. तुमचं झालं असेल तर तो अहवाल तिन्ही ठेकेदारांना द्या. कुठला छज्जा धोक्याचा आहे, कुठल्या बाल्कनीच्या खालच्या सळ्या गंजल्यात, हे त्यांना आधीच कळू द्या. झालं नसेल तर रंगाआधी ते करून घ्या. गच्चीची किल्ली कोणाकडे, कामगारांना संडास आणि पिण्याचं पाणी कुठे, दुपारी सावलीत टेकायला जागा कुठे, हेही आधी ठरवा. लोकांना या गोष्टी सुरक्षेच्या वाटत नाहीत. पण मे महिन्यात उन्हात पाणी न मिळालेला माणूस झुल्यावर भोवळ येऊन पडतो.

वर्क ऑर्डरमध्ये फार कलमं नकोत, पण काही ठाम हवीत. लेखी परवानगीशिवाय पेटी कॉन्ट्रॅक्ट नाही. कामगारांची यादी बदलली की नवी यादी आणि विम्याचा पुरावा त्याच दिवशी. विम्याची मुदत संपली तर काम आणि बिल दोन्ही थांबतील. दोर किंवा परांचीत खोट दिसली तर कमिटीचा नेमलेला माणूस काम थांबवू शकेल आणि त्या दिवसाचा वाद नंतर बोलला जाईल. तो माणूस कोण, याचं नाव ऑर्डरमध्येच लिहा. निवृत्त इंजिनिअर असले तर उत्तम, नसले तरी रोज सकाळी गच्चीवर एक फेरी मारून दोर कशाला बांधलेत हे बघणारं कोणीही चालेल. आणि हा अधिकार वापरा. पहिल्याच आठवड्यात एकदा काम थांबवलंत की पुढचे तीन महिने सुपरवायझर स्वतः लक्ष देतो, असा माझा अनुभव आहे.

छोट्या कामांचंही तेच. बाहेरच्या छज्ज्यावर उभा राहून एसीचं युनिट बसवणारा पोरगा, डक्टमध्ये उतरलेला प्लंबर, यांच्यासाठी फाइल मागणं शक्य नाही. तिथे दोनच प्रश्न पुरतात: दोर कशाला बांधलायस, आणि खाली कोण आहे? समाधानकारक उत्तर नसेल तर त्या दिवशी काम करू देऊ नका, सभासद कितीही चिडला तरी.

तुमच्या बाबतीत मी असतो तर या आठवड्यात एवढं केलं असतं. टाकीची ओळ तिन्ही कोटेशनांतून काढून घेतली असती. तिघांकडून पूर्ण पॉलिसी आणि ईएसआयची नावांची यादी मागवली असती. प्रत्येकाच्या सुपरवायझरला वेगवेगळ्या दिवशी गच्चीवर नेलं असतं, आणि ऑडिट अहवाल हातात ठेवून 'दोर कुठे बांधणार' हा प्रश्न विचारला असता. पावसाळ्याआधी उरकायचंय म्हणून यातलं काही गाळावंसं वाटलं, तर एक विंग यंदा आणि दोन विंगा दिवाळीनंतर असं करा. रंग सहा महिने थांबतो. सोसायटीने स्वतःचा विमा काढावा का, असं तुम्ही शेवटी विचारलंय: काढा, सार्वजनिक दायित्वाची पॉलिसी काढा, कारण खालून जाणाऱ्या रहिवाशाच्या डोक्यावर ढलपा पडला तर ठेकेदाराची डब्ल्यूसी पॉलिसी त्याला लागू होत नाही.